पोचल्याचा फोन येईपर्यंत

मी केर काढणारी बाई आहे. सकाळी उठल्यावर लोक तळहाताकडे बघून देवाचं नाव घेतात, माझ्या हातात तोवर झाडू आलेला असतो. पायाला कण लागला की माझं डोकं फिरतं. लग्न होऊन मी या मळ्यातल्या घरात आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं होतं, "सून गुणाची हाय, पण टेकू देत नाय कुठं. जरा बसावं तर म्हणती, पाय वर घ्या." मी आत ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. राग आला, पण त्यात खोटं काही नव्हतं.

अशा माझ्या घरात त्या मे महिन्यात आठवडाभर केर निघाला नाही. देशात लढाईचे दिवस होते. टीव्हीवर सारखी विमानं उडत होती, आणि इकडे मी आणि सासूबाई एका झाडूवरून तोंडं फुगवून बसलो होतो. लढाई म्हटलं की मला अजून पायाखाली करकरणारी ती फरशी आठवते.

आमचा मळा गंगापूर रोडच्या पलीकडे, इमारती संपून गुलाब सुरू होतात तिथे. गुलाब, झेंडू आणि थोडा निशिगंध. मळा सासूबाई आणि माझा नवरा बघतात. मी शहरात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. धाकटे दीर सैन्यात. त्या मे महिन्यात त्यांचं लग्न होतं म्हणून ते मोठी रजा घेऊन आले होते. मुलगी वणीकडची, द्राक्षवाल्यांच्या घरातली, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. बस्ता झाला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडववाला बांबू टाकून गेला होता. आणि वर सीमेवर पेटलं. रजा रद्द झाल्या. दुपारी निरोप आला, दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी निघाले.

आदल्याच दिवशी लग्नाचे गहू निवडायला भावकीतल्या बायका बसून गेल्या होत्या. घरभर कोंडा, खडे, काड्या. एका कोपऱ्यात झेंडूच्या माळा करून उरलेल्या पाकळ्या. तशात भाऊजींनी उभ्या उभ्या पोहे खाल्ले, बॅग खांद्याला लावली. सासूबाईंनी त्यांच्या तळहातावर दही घातलं. चाटता चाटता त्यातलं थोडं उंबऱ्याजवळ सांडलं.

"तिथं फोन लागणार नाही," भाऊजी म्हणाले. "आमचे फोन जमा करून घेतील. पोचलो की कुणाकडून तरी कळवतो."

"पोचायचं कुठं, ते तरी सांग," सासूबाई म्हणाल्या.

"ते मलाच माहीत नाही, आई. येतो."

नवरा त्यांना नाशिकरोड स्टेशनला सोडायला घेऊन गेला. गाडी फाटकाबाहेर वळली. मी डोळे पुसले, आत आले आणि सवयीनं झाडू उचलला. दुसऱ्या क्षणी सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

आमच्याकडे ही रीत आहे. घरातलं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही आणि बायकांनी डोक्यावरून न्हायचं नाही. माहेरीही होती, पण तिथे आई गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबायची आणि मग खुशाल झाडायची. सासूबाईंचं तसं नाही. पोचल्याचा फोन म्हणजे फोन. नवरा फुलं घेऊन मुंबईला गेला की मी चार-पाच तास घड्याळाकडे बघत, नाक मुरडत बसून असते. का, म्हणून एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माणूस वाटंत असताना त्याची पावलं पुसू नये. घरात पावलं ऱ्हायली तर परत यायचं ध्यानात ऱ्हातं."

मुंबईपर्यंत ठीक आहे. पण जिथे पोचायचं ते गाव कुणालाच ठाऊक नाही, फोन जमा झालेला, तिथे काय करायचं? पहिल्या दिवशी मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "आई, व्हॅक्यूम क्लीनर चालेल का? त्यात झाडू नसतो."

त्यांनी खरोखर विचार केला. "ते वढून घेतं ना आत?"

"हो."

"मग नको."

नवरा म्हणाला, फवारणीचा ब्लोअर आणतो, दारं उघडी ठेवून एकदाच मारतो. त्याला हसू येत होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून मळ्यात गेला. त्याचंही हसू वरवरचंच होतं. बांधावर उभा राहून तो तासातासानं भावाचा नंबर लावायचा, ते मी खिडकीतून बघत होते. फोन बंदच असायचा.

दवाखान्यात तर लढाईशिवाय विषय नव्हता. गाल सुजलेला माणूससुद्धा एका हातानं गाल धरून दुसऱ्या हातानं नकाशा काढून दाखवायचा. कुणी सांगायचं, पेट्रोल संपणार. कुणी सांगायचं, तेलाचे डबे भरून ठेवा. संध्याकाळी किराणा दुकानात बघावं तर खरंच रांग. मीही साखर आणि तेल जास्तीचं घेऊन आले. मग लाज वाटली, कारण लग्नाचं वाणसामान घरात आधीच रचून ठेवलेलं होतं. लग्नं मात्र थांबत नव्हती. फटाके नकोत, ड्रोननं शूटिंग नको, एवढंच पाळायचं आणि उरकून घ्यायचं. फुलांना मागणी होती. आम्ही दुसऱ्यांच्या लग्नाच्या फुलांनी कॅरेट भरत होतो आणि आमच्या मांडवाचे बांबू अंगणात आडवे पडले होते.

आणि ते देवळालीकडचे आवाज. नाशिकच्या माणसाला तोफांच्या सरावाचं काही वाटत नाही. लहानपणापासून कानात बसलेला आवाज आहे तो. बाहेरगावचे पाहुणे दचकतात आणि आपण म्हणतो, काही नाही, देवळाली आहे. सासूबाई तर दणका ऐकून फुलं तोडायच्या थांबतही नसत. त्या आठवड्यात मात्र लांब कुठेतरी धप्प झालं की त्यांचा हात झाडातच राहायचा. मान वर नाही, शब्द नाही. जरा वेळानं कात्री पुन्हा चालू व्हायची. मला तेव्हा भीती वाटायची. तोवर वाटली नव्हती, इतकी.

टीव्ही त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केला होता. "ह्या वरडणाऱ्यांना काय ठावं, माझा पोरगा कुठं हाय," म्हणाल्या. पण रोज संध्याकाळी वणीहून विहीणबाईंचा फोन यायचा, आणि तेव्हा ह्याच सासूबाई गोड आवाजात सांगायच्या, "हां, हां, बरा हाय. पोचला व्यवस्थित. आजच बोलणं झालं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थक्कच झाले.

"आई, असं खोटं कशाला?"

"मग काय सांगू? ठावठिकाणा नाय म्हणू? त्यांच्या घरात घोर कशाला लावायचा? पोरगी अजून आपली व्हायची हाय."

म्हणजे विहीणबाईंसाठी भाऊजी पोचलेले होते आणि आमच्या फरशीसाठी अजून वाटेत. हे असं किती दिवस चालेल ते मला कळत नव्हतं. मला आता केराचं दुःख राहिलं नव्हतं. रोज सकाळी तो केर दिसला की पोचल्याचा फोन आलेला नाही हे दिसायचं. डोळे मिटून चाललं तरी पायांना कळायचं.

एके दिवशी दुपार उतरताना फाटकाशी स्कूटी थांबली. पुढे माझी होणारी जाऊ, मागे विहीणबाई. लग्नाची पुढची तारीख बोलायला आल्या होत्या, न कळवता. मी दवाखान्यातून नुकतीच आले होते. त्या केव्हाही आल्या असत्या तरी चाललं असतं, पण आता? मी पुढे होऊन हसत "या या" म्हणाले आणि त्यांना त्याच खोलीत बसवावं लागलं जिथे खुर्चीखाली कोंड्याचे ढीग होते, माळांच्या पाकळ्या वाळून काळ्या पडल्या होत्या आणि भिंतीच्या कडेनं मुंग्यांची मोठी रांग लागली होती.

विहीणबाई पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसल्या. नजर मात्र एकेक कोपरा बघत फिरली. लेक ह्या घरात द्यायची का, हे त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. लेक शेजारी बसली. स्कूटीवर मुली बांधतात तसा स्कार्फ तिनं डोक्याला घट्ट गुंडाळला होता, आणि घरात आली तरी सोडेना. माझ्या मनात आलं, हिला धुळीची ॲलर्जी असेल किंवा नखरा असेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला रागच आला. ह्या घरात तोंड दिसेल अशी फरशी मी ठेवते, हे मी हिला आता कसं सांगू?

सासूबाई मळ्यात होत्या. मी त्यांना हाक मारली, चहा टाकला. आलं किसत होते, आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखते. सर्र, सर्र.

धावत आले. विहीणबाईंनी पदर खोचला होता. दारामागचा झाडू त्यांच्या हातात होता. पाहुणी असूनही बाईला राहवलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही राहवलं नसतं. भिंतीपासून हातभर जागा स्वच्छ झाली होती. मी "अहो, नको..." एवढंच म्हणते तोवर मागच्या दारातून सासूबाई आल्या. हातातली फुलांची टोपली त्यांनी तिथेच टाकली.

"थांबा! हात लावू नका!"

इतक्या मोठ्यानं त्या कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. विहीणबाईंच्या हातून झाडू पडला. त्यांचं तोंड अपमानानं लाल झालं.

"आम्ही काय वाईट केलं? घर झाडलं तर एवढं बोलता व्हय?"

सासूबाई तशाच उभ्या होत्या. मग खाली बसल्या, त्या केरातच. आणि झाडलेल्या जागेवरून हात फिरवून म्हणाल्या, "तो पोचला नाय, विहीणबाई. मी तुमाला खोटं सांगितलं. गेल्यापासनं फोन नाय त्याचा. म्हणून केर काढला नाय आम्ही."

आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी मी हलले नाही. मला वाटलं, आता ह्या उठतील, चपला घालतील आणि सोयरीक संपेल. विहीणबाई आपल्या लेकीकडे वळल्या.

"तुला ठावं होतं?"

मुलीनं मान डोलावली. "ह्या आईंच्या आवाजावरून वाटायचं," ती म्हणाली. "आणि ह्यांचा फोन इथे आला असता तर त्यांनी मलाही केला असता ना."

मग तिनं स्कार्फची गाठ सोडली. लांब केसांची वेणी होती, तेलकट, चिकट झालेली, कपाळाशी केसांचे पुंजके. मे महिन्याच्या उन्हात रोज स्कूटीवरून लॅबमध्ये जाणारी मुलगी, आणि भाऊजी गेल्यापासून तिनं केस धुतले नव्हते.

"मी म्हणायचे, ही अशी का राहती भुतासारखी," विहीणबाई म्हणाल्या. "भांडले हिच्याशी. म्हटलं, लग्न पुढं गेलं म्हणून रुसली."

सासूबाईंनी मुलीला विचारलं, "तुला कुणी सांगितलं गं ही रीत?"

"तुम्हीच. साखरपुड्याच्या दिवशी. आमच्या गाड्या परत निघाल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, पोचल्याचा फोन करा, मग आम्ही झाडझूड करू, डोक्यावरून न्हाऊ."

मला ते आठवत होतं. त्या दिवशी मी चार वेळा घड्याळ बघितलं होतं आणि मनातल्या मनात ह्यांच्या ड्रायव्हरला लाखोली वाहिली होती. ही मात्र ते ऐकून गेली आणि पाळत बसली.

त्या संध्याकाळी दिवे घालवण्याचा सराव होता. आधीच कळवलं होतं, भोंगा वाजला की घरातले सगळे दिवे बंद करायचे. विहीणबाईंना अंधारात परत पाठवणं शक्य नव्हतं, त्या राहिल्या. भोंगा वाजला तसे पलीकडच्या इमारतींचे मजले एकेक करून विझत गेले. आमच्या इथून एरवी शहराचा उजेड आभाळात दिसतो, तोही नव्हता. देवापुढचा दिवा घालवायला सासूबाई तयार होईनात. शेवटी त्यांनी देवघराचं दार लावून घेतलं आणि फटीला आपलं जुनं लुगडं कोंबलं. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत फरशीवर बसलो. कुणी जरा हललं की खालचा कोंडा करकरायचा. विहीणबाई अंधारात पुटपुटल्या, "टोचतंय बाई." आणि माझा नवरा हसला. मग विहीणबाई हसल्या, आणि मग सासूबाई. मला मात्र अपमान वाटला. माझ्या घरात पाहुण्यांना खडे टोचतात, हे अंधारातसुद्धा मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले नाही. सकाळी भाकरी टाकत होते, तेव्हा माझा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. त्या दिवसांत अनोळखी नंबर उचलू नका म्हणून सगळीकडे मेसेज फिरत होते. मी पिठाच्या बोटानं उचलला.

"वहिनी? पोचलो." आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता. "केव्हाच पोचलोय. फोन आत्ता मिळाला, एकाचा. एकच मिनिट आहे. आईला सांगा, झाडून घ्या म्हणावं."

तवा गॅसवर तसाच टाकून मी बाहेर धावले. फोन स्पीकरवर केला आणि सासूबाईंच्या तोंडाशी धरला. इतके दिवस देवाला, झाडांना, आम्हाला काय काय बोलून झालं असेल त्यांचं, पण फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "जेवला का रं?"

"हो आई. तू झाडलं नाहीस ना अजून? मला माहीतच होतं. वहिनी वैतागल्या असतील."

"वैतागली," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ओढून होणाऱ्या सुनेच्या हातात दिला. ती मुलगी तिथे आहे हे भाऊजींना माहीत नव्हतं. ती सगळ्यांसमोर उभी, आणि मिनिट संपत आलेलं.

"पोचलात?" तिनं विचारलं.

पलीकडे जरा वेळ नुसती खरखर झाली. "पोचलो," भाऊजी म्हणाले आणि फोन बंद झाला.

केव्हाच पोचले होते म्हणजे! मी मनात हिशेब केला आणि मला सणसणीत राग आला. इतके दिवस मुंग्या, इतके दिवस कोंडा, ही सगळी तपश्चर्या फुकट. पण राग टिकेना. मी भिंतीला टेकले. आत भाकरी जळाली होती. सासूबाईंनी दारामागचा झाडू काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, हळदीकुंकवाचं वाण द्यावं तसा.

"घे बाई. तुझं राज्य."

मी आतल्या खोलीपासून सुरुवात केली. इकडे मागच्या अंगणात सासूबाईंनी बंबातलं पाणी काढलं, होणाऱ्या सुनेला न्हाणीच्या दगडावर बसवलं आणि तिची वेणी स्वतः सोडली. शिकेकाईचा वास घरात आला. विहीणबाई पंचा घेऊन शेजारी उभ्या होत्या. मी झाडत झाडत बाहेरच्या खोलीत आले. कोंडा, पाकळ्या, गहू, सगळा ढीग दारापर्यंत आणला. उंबऱ्याजवळ सांडलेलं दही वाळून त्याचा पांढरा डाग झाला होता. तो मी ओल्या फडक्यानं पुसला.

"पाणी ऊन हाय ना गं?" सासूबाई विचारत होत्या. तांब्यावर तांब्या ओतल्याचा आवाज येत होता. मग त्या पाण्याखाली दुसरा एक आवाज ऐकू आला. मुलगी रडत होती. फोनवर रडली नव्हती, आदल्या दिवशी स्कार्फ सोडला तेव्हाही नव्हती. आता डोक्यावरून पाणी पडतंय, कुणाला कळायचं नाही, असं तिला वाटलं असावं. सासूबाई बोलायच्या थांबल्या. फक्त पाणी घालत राहिल्या. पण बंबातलं पाणी संपत आलं असणार, तांब्या तळाला लागल्याचं मला ऐकू येत होतं.

मी परत आतल्या खोलीत गेले आणि झाडू फरशीवर जोरात आपटत पहिल्यापासून केर काढायला लागले. स्वयंपाकघर, आतली खोली, बाहेरची खोली, ओटा. घर केव्हाच लख्ख झालं होतं. तिचं रडणं थांबेपर्यंत मी झाडत राहिले.